जुना फर्नेस, तीन कोटेशनं आणि एक लाख बीटीयू

ताई, नमस्कार.

आम्ही शिकागोजवळ नेपरविलला राहतो. घर १९९८ चं, दोन मजली, २,२०० चौरस फूट, खाली बेसमेंट. घर तापवणारा गॅसवरचा फर्नेस घराइतकाच जुना. आतल्या लेबलवर तासाला इनपुट १,००,००० बीटीयू (उष्णता मोजायचं एकक), आउटपुट ८०,००० असं आहे. फेब्रुवारीत सर्व्हिसिंगला आलेला माणूस म्हणाला, "हीट एक्स्चेंजरला चीर असावी, लवकर बदला." मग तीन कोटेशनं घेतली. पहिलं ८० टक्के एफिशियन्सीच्या फर्नेसचं, ४,२०० डॉलर. दुसरं ९६ टक्क्यांचं, ६,३००. तिसरं विजेवर चालणारा, ४ टन क्षमतेचा हीट पंप आणि जोडीला ९६ टक्क्यांचा फर्नेस, १५,८००. तिन्हींत फर्नेस एक लाख बीटीयूचाच आहे. तिसरा म्हणतो, टॅक्स क्रेडिट मिळेल. एसीही २००६ चा आहे, तो अजून चालतोय.

बायको म्हणते, गॅसच बरा, उगाच प्रयोग नकोत. मुलगी नववीत आहे, ती म्हणते आता घरात गॅस जाळायचाच नाही. सांगलीचे आई-बाबा दोन वर्षांपासून आमच्याकडे असतात. आईला खाली दिवाणखान्यात थंडी वाजते, तर वर झोपायच्या खोल्यांत उकडतं. बाबा रात्री खोलीत छोटा इलेक्ट्रिक हीटर लावतात, तेही मला धड वाटत नाही. जानेवारीचं गॅसचं बिल २१० थर्मचं (थर्म म्हणजे गॅस मोजायचं एकक) होतं, जुलैचं २०. गॅस सगळे आकार धरून थर्मला ९० सेंट पडतो, वीज युनिटला १६ सेंट. काय करू?

— नाव छापू नये, नेपरविल, इलिनॉय

नमस्कार.

पत्राबरोबर बिलाचे आकडे पाठवलेत, फार बरं केलंत. "फर्नेस कुठला घ्यावा?" एवढंच विचारणारी पत्रं पुष्कळ येतात. त्यांना उत्तर देणं म्हणजे पेशंट न बघता गोळ्या लिहून देणं. तुमच्या आकड्यांवरून बरंच काही सांगता येतं, आणि ते तुमच्या तिन्ही कॉन्ट्रॅक्टरांना आवडणार नाही.

पण आधी ती चीर.

"असावी" आणि "आहे" यांत मोठा फरक आहे. हीट एक्स्चेंजर म्हणजे ज्याच्या आत गॅस जळतो आणि ज्याच्या बाहेरून घरातली हवा तापून जाते तो पत्र्याचा भाग. त्याला खरंच चीर गेली, तर जळालेल्या गॅसचा धूर घरातल्या हवेत मिसळू शकतो, आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड असू शकतो. त्याला वास नाही, रंग नाही. म्हणून हे हसण्यावारी नेऊ नका. पण जो माणूस चीर सांगतो त्याचीच कंपनी नवा फर्नेस विकते, तेव्हा पुरावा मागायला संकोचही करू नका. आत कॅमेरा घालून फोटो किंवा व्हिडिओ काढता येतो. ब्लोअर, म्हणजे हवा फिरवणारा पंखा, सुरू झाल्याक्षणी बर्नरच्या ज्वाळा हलायला लागल्या, तर तीही एक खूण असते. फोटो दाखवा म्हणा. नसेल, तर दुसऱ्या माणसाला फक्त तपासणीचे पैसे देऊन बोलवा आणि त्याला आधीच सांगा की विकत काही घ्यायचं नाही. चीर नक्की झाली, तर फर्नेस त्याच दिवशी बंद. मग बाहेर कितीही थंडी असो.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म प्रत्येक झोपायच्या खोलीपासून १५ फुटांच्या आत असलाच पाहिजे, इलिनॉयमध्ये २००७ पासून तसा कायदाच आहे. तुमच्याकडे असेलही, पण मागे छापलेली तारीख बघा. हे अलार्म कायम टिकत नाहीत, बरेचसे सात ते दहा वर्षांत बदलावे लागतात. आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. साधा अलार्म हवेत ७० पीपीएम (दहा लाख भागांत ७० भाग) वायू असला, तरी एक ते चार तासांनी वाजतो. तो तसाच बनवलेला असतो, म्हणजे उगाच वाजून लोकांनी त्याची बॅटरी काढून टाकू नये. घरात वयस्कर माणसं आहेत, तेव्हा थोडे पैसे जास्त टाकून कमी पातळीचाही आकडा दाखवणारा मॉनिटर आई-बाबांच्या खोलीबाहेर लावा. सगळ्यांचंच डोकं दुखतंय, मळमळतंय, आणि बाहेर गेलं की बरं वाटतंय, असं झालं तर खिडक्या उघडत बसू नका. सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि ९११ लावा.

आता तिन्ही कोटेशनांतले एक लाख बीटीयू. तिघेही बेसमेंटमध्ये उतरले, जुन्या फर्नेसचं दार काढलं, लेबल वाचलं आणि तोच आकडा कागदावर उतरवला. तुमच्या घराला किती उष्णता लागते हे तिघांतल्या एकानेही मोजलेलं नाही. इथेच घोडं पेंड खातं. नव्वदच्या दशकात घरं बांधताना बिल्डर फर्नेस सर्रास मोठा टाकत, कारण थंडी वाजली अशी तक्रार आलेली कोणालाच नको असते. आज तोच आकार पुन्हा बसवला, तर ती चूक आणखी वीस वर्षं तुमच्या घरात राहील.

हिशेब तुम्ही स्वतः करू शकता. जानेवारीचे २१० थर्म. त्यातून जुलैचे २० वजा करा, कारण तेवढा गॅस गरम पाण्याला आणि स्वयंपाकाला लागतो. राहिले १९०. तुमचा फर्नेस ८० टक्क्यांचा, म्हणजे त्यातली ८० टक्के उष्णता घराला मिळाली आणि उरलेली चिमणीतून गेली. १९० चे ८० टक्के १५२ थर्म. एक थर्म म्हणजे एक लाख बीटीयू. तेव्हा महिनाभरात घराने १ कोटी ५२ लाख बीटीयू घेतले.

तुमच्या भागात जानेवारीचं सरासरी तापमान २५ फॅरनहाइटच्या आसपास असतं. यंदाचा नेमका आकडा बिलावर असेल तर तो घ्या. हिशेबाला आधार ६५ चा धरतात, कारण त्याच्या वरचं काम घरातली माणसं, दिवे, चूल आणि ऊन भागवतात. ६५ वजा २५, म्हणजे ४० अंशांचा फरक. ३१ दिवस, रोज २४ तास. सगळं भागून टाकलं की उत्तर येतं: बाहेर एक अंश थंडी वाढली की तुमच्या घराला तासाला साधारण ५१० बीटीयू जास्त लागतात.

आता बाहेर शून्य फॅरनहाइट आहे असं धरा. शिकागो भागात घराचं गणित मांडताना साधारण तिथलाच आकडा धरतात. ६५ गुणिले ५१० म्हणजे ३३,००० च्या आसपास. रात्री ऊन नसतं, वारा असतो, म्हणून वर पाचेक हजार टाका. तरी चाळीस हजारांच्या आतच. आता ३० जानेवारी २०१९ आठवा. पोलर व्होर्टेक्सच्या, म्हणजे ध्रुवाकडून आलेल्या थंडीच्या लाटेच्या, त्या सकाळी शिकागोच्या ओहेअर विमानतळावर उणे २३ फॅरनहाइट नोंदवलं गेलं. त्या दिवशीसुद्धा तुमच्या घराला तासाला ४५,००० बीटीयू लागले असते, फार तर पन्नास. आणि तळघरातलं यंत्र देतंय ८०,०००.

जुना फर्नेस प्रत्यक्षात ८० टक्क्यांपेक्षा कमी कामाचा उरला असेल, तर घराची गरज याहूनही कमी निघेल. म्हणजे हिशेब चुकलाच, तरी तो तुमच्या सोयीच्या बाजूला चुकलेला आहे.

मोठा फर्नेस असला तर बिघडलं कुठे, असं वाटेल. आईंना खाली थंडी आणि वर उकाडा, याचं बरंचसं कारण तिथेच आहे. हा फर्नेस सुरू होतो, पाचसात मिनिटं भसाभस गरम हवा सोडतो, थर्मोस्टॅटचं समाधान होतं आणि तो बंद पडतो. मग घर गार होत जातं, पुन्हा तेच. घरातल्या हवेला नीट मिसळायला वेळच मिळत नाही. गरम हवा वर चढते, गार हवा खाली बसते, आणि खाली कोण बसलेलं असतं? तुमची आई. शिवाय पत्रा दर वेळी तापतो, निवतो, पुन्हा तापतो. एक्स्चेंजरला चिरा जायचं तेही एक कारण आहे.

म्हणून माझं पहिलं सांगणं असं. तिन्ही कोटेशनं बाजूला ठेवा. नव्याने बोलवाल त्या कॉन्ट्रॅक्टरला फोनवरच विचारा, "मॅन्युअल जे करून देता का?" घराची गरज खोलीगणिक मोजायची ती अमेरिकेतली ठरलेली पद्धत आहे. त्यात खिडक्या, भिंती, माळ्यावरचं इन्सुलेशन (उष्णता अडवणारा थर), घराची दिशा असं सगळं येतं. जो म्हणेल "चौरस फुटांवरून अंदाज येतो, तीस वर्षं हेच करतोय," त्याला धन्यवाद देऊन फोन ठेवा. जो करून देईल, त्याचं उत्तर तुमच्या बिलाच्या हिशेबाशी ताडून बघा. तुमचं चाळीस हजार आणि त्याचं पंचाहत्तर येत असेल, तर त्याने कुठेतरी भरमसाट आकडे घातलेत.

या घराला ६०,००० बीटीयूचा, दोन टप्प्यांत चालणारा फर्नेस माझ्या मते पुरून उरेल. ९६ टक्क्यांचा घेतलात तर तो ५७,००० च्या वर उष्णता देतो. कागदावर ४०,००० चाही चालेल, पण २०१९ सारखी सकाळ पुन्हा आली तर रात्रभर थर्मोस्टॅटकडे बघत बसायला नको. दोन टप्प्यांचा असला की बहुतेक दिवस तो खालच्या टप्प्यावरच, हळू आणि बराच वेळ चालतो. आईंना फरक जाणवेल तो यानेच.

आता ८० की ९६. इथे मी विक्रेत्यांच्या बाजूने बोलणार नाही. वर्षभराचा तुमचा गॅस जानेवारीवरून काढला, तर घर तापवायला साधारण ९६० थर्म लागत असावेत. ८० च्या जागी ९६ टक्क्यांचा फर्नेस आला की ते ८०० होतात. वाचले १६०, ९० सेंटने १४४ डॉलर. दोन कोटेशनांतला फरक २,१०० डॉलरचा. म्हणजे तो वसूल व्हायला चौदा-साडेचौदा वर्षं. "पाच वर्षांत पैसे परत" असं कोणी म्हणत असेल, तर त्याला हा कागद दाखवा.

तरीही मी ९६ टक्क्यांचाच घ्यायला सांगेन, आणि ते बिलासाठी नाही. ८० टक्क्यांचा साधा फर्नेस ज्वलनाला लागणारी हवा सहसा बेसमेंटमधूनच ओढतो. ती भरून काढायला बाहेरची गार हवा फटींतून आत येते. ९६ टक्क्यांच्या फर्नेसला प्लॅस्टिकचे दोन पाइप लावता येतात. एकातून बाहेरची हवा थेट बर्नरला जाते, दुसऱ्यातून धूर बाहेर पडतो. घरातल्या हवेशी आगीचा संबंधच राहत नाही. वयस्कर माणसं असलेल्या घरात मला हे मोलाचं वाटतं. पाइप दोनच लावायचे हे कोटेशनात लिहून घ्या, कारण पैसे वाचवायला काही जण एकच लावतात आणि हवा बेसमेंटमधूनच घेतात. हे पाइप प्लॅस्टिकचे चालतात, कारण धुरातली वाफसुद्धा आतच थिजवून तिची उष्णता काढून घेतलेली असते, धूर कोमट होऊन बाहेर पडतो. त्या थिजलेल्या वाफेचं पाणी होतं, कडाक्याच्या दिवशी बादलीभर सहज, आणि ते आम्लधर्मी असतं. ते कुठल्या नळीने कुठे जाणार हे आधी विचारा. ती नळी थंड भिंतीजवळून गेली आणि आत पाणी गोठलं, तर फर्नेस ऐन थंडीत बंद पडेल. पाइपांची तोंडं बाहेर कुठे निघणार तेही स्वतः उभं राहून ठरवा. जमिनीलगत नकोत, बर्फ साचून बुजतात. येण्याजाण्याच्या वाटेवरही नकोत.

एक गोष्ट तिघांपैकी एकानेही सांगितलेली दिसत नाही. तुमचा गरम पाण्याचा टँक गॅसवरचा आहे का? जुलैचे २० थर्म बघता असावा. तसं असेल, तर त्याचा धूर आणि फर्नेसचा धूर आज बहुधा एकाच चिमणीतून जातो. फर्नेसने आपली वाट वेगळी केली की त्या रुंद चिमणीत टँक एकटाच उरतो. त्याच्या जरा­शा धुराने एवढी चिमणी तापत नाही. मग धूर वर चढत नाही, उलटा बेसमेंटमध्ये येऊ शकतो. चीर बुजवायला निघालात आणि दुसऱ्या दाराने तेच संकट आत घेतलंत, असं व्हायचं. यावर उपाय आहेत. चिमणीत कमी रुंदीचा लायनर घालतात, किंवा पंख्याने धूर बाहेर फेकणारा टँक घेतात, किंवा टँक विजेवर नेतात. तिन्हींना पैसे लागतात आणि ते कोटेशनात आजच दिसले पाहिजेत. काम अर्धं झाल्यावर "साहेब, हे वेगळं" ऐकायला लागू नये.

हीट पंपाकडे वळू. तो म्हणजे उलटाही चालणारा एसी. उन्हाळ्यात घरातली उष्णता बाहेर टाकतो, हिवाळ्यात बाहेरची आत आणतो. उष्णता निर्माण करायची नाही, फक्त हलवायची, म्हणून एक युनिट विजेवर तो अडीच-तीन युनिट उष्णता देतो. बाहेर थंडी वाढली की हा आकडा उतरतो. "शिकागोच्या थंडीत चालतच नाही" हे मात्र आता जुनं झालं. थंड प्रदेशासाठी बनवलेले इन्व्हर्टरवाले पंप उणे १५ फॅरनहाइटपर्यंतही उष्णता देत राहतात. चालतो की नाही हा प्रश्न नाही, परवडतो की नाही हा आहे.

तुमच्या दरांनी बघू. एका थर्ममध्ये २९ युनिटांच्या वर ऊर्जा असते. ९६ टक्क्यांच्या फर्नेसमधून त्यातली २८ युनिटं घराला मिळतात, ९० सेंटांत. म्हणजे एका युनिट उष्णतेला ३.२ सेंट. वीज १६ सेंट. हीट पंपाला गॅसची बरोबरी करायची, तर एका युनिटात पाच युनिट उष्णता द्यावी लागेल. ऑक्टोबरातल्या सौम्य दिवशी चांगला पंप साडेतीन-चार देतो, जानेवारीत दोन-अडीच. तुमच्या दरांत तो गॅसला हरवत नाही. सगळं घर हीट पंपावर तापवलंत, तर बिल वर्षाला सहाशेक डॉलरने वाढेल. थंडी कमी असेल तेव्हा पंप आणि कडाक्यात फर्नेस, अशी जोडी लावली तर शंभरेक डॉलरने.

हे उत्तर तुमच्या घराचं आहे, देशाचं नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये तेलावरचा बॉयलर असलेल्या किंवा खेड्यात प्रोपेनवर असलेल्या माणसाने हेच विचारलं असतं, तर हिशेब बराच वेगळा निघाला असता. ज्याचं घर भिंतीलगतच्या इलेक्ट्रिक हीटरांवर तापतं, त्याला तर मी डोळे झाकून हीट पंप घ्यायला सांगितलं असतं. तुमच्या छपरावर सौर पॅनेल आली, तरी गणित फिरेल.

लेकीचं काय? तिला हा हिशेब दाखवा, नववीतल्या मुलीला तो सहज कळेल. पण तिचं म्हणणं पैशांचं नव्हतंच, तेव्हा पैशांच्या आकड्यांनी तिला गप्प करू नका. इलिनॉयमध्ये तयार होणारी निम्म्याहून जास्त वीज अणुऊर्जेची असते. तिथे गॅसऐवजी विजेवर घर तापवण्याला अर्थ आहे. वर्षाला शंभर डॉलर त्यासाठी द्यायचे की नाही, हे तुम्ही घरात बसून ठरवा. त्यात मी बोलू नये.

आणि इथे तुमचा २००६ चा एसी उपयोगी पडतो. त्यात आर-२२ हा थंडावा देणारा जुना गॅस असणार. अमेरिकेत त्याचं उत्पादन आणि आयात २०२० पासून बंद आहे, त्यामुळे गळती झाली की भरायचा खर्च अंगावर येतो. हा एसी फार दिवसांचा सोबती नाही. त्याची कॉइल फर्नेसच्या डोक्यावरच बसलेली असते आणि हवा फर्नेसचाच ब्लोअर फिरवतो. म्हणून दोन्ही कामं एकदम केली तर मजुरी वाचते. तेव्हा नव्या कॉन्ट्रॅक्टरला दोन भाव मागा: ६०,००० चा फर्नेस अधिक नवा एसी, आणि तोच फर्नेस अधिक तेवढ्याच टनांचा हीट पंप. फरक दीड-दोन हजारांच्या आत असेल, तर मी हीट पंप घेईन. उद्या गॅस महागला तर हातात दुसरा पर्याय असतो. फरक सहा-सात हजार सांगितला तर सरळ एसी घ्या. तुमच्या कोटेशनातले ४ टनसुद्धा मला जास्तच वाटतात, तेही मोजूनच ठरू द्या.

पंप घेतलात तर आई-बाबांना आधी सांगून ठेवा. फर्नेसच्या व्हेंटसमोर हात धरला की चटका बसल्यासारखी हवा येते. पंपाची हवा शंभर फॅरनहाइटच्या आसपास असते, म्हणजे आपल्या अंगाइतकीच. हाताला ती "गरम" लागतच नाही. घर ७१ वर असतं, तरी आई म्हणणार, "अरे, हे बिघडलंय, गार वारा येतोय." बाहेरच्या युनिटमधून मधूनच वाफेचे लोट निघतात, तेव्हा तो स्वतःवरचं बर्फ वितळवत असतो. शेजारी धूर समजून दार वाजवतात.

टॅक्स क्रेडिट विसरा. हीट पंपावर ३० टक्के, जास्तीत जास्त २,००० डॉलर मिळायचे, ते ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत बसवलेल्या यंत्रांनाच. ४ जुलै २०२५ ला सही झालेल्या कायद्याने ते संपलं. अजूनही ते धरून कोटेशन देणारा एक तर बातम्या वाचत नाही किंवा तुम्ही वाचत नाही असं समजतो. गॅस आणि वीज पुरवणाऱ्यांच्या सवलती वेगळ्या असतात, त्या त्यांच्याकडेच विचारा. नेपरविलला वीज शहराची स्वतःची आहे, तेव्हा शेजारच्या गावातल्या मित्राला मिळालेली सवलत तुम्हाला मिळेलच असं नाही.

यंत्रावर पैसे घालण्याआधी एक शनिवार माळ्यावर घालवा. घरातली गरम हवा वर जाते, माळ्याच्या झाकणाच्या, छतातल्या दिव्यांच्या, पाइपांच्या फटींतून निसटते, आणि तेवढीच गार हवा खाली बेसमेंटच्या कडेने आत येते. आईंच्या पायांना लागतो तो वारा हा. माळ्यावर जाऊन पट्टीने इन्सुलेशनची जाडी मोजा. तुमच्या हवामानात आर-४९ ते आर-६० (आकडा जितका मोठा, तितकी उष्णता जास्त अडते) असावं असं सांगतात, त्या काळच्या घरांत बरेचदा तीसच्या आसपास सापडतं. पण आधी फटी बुजवा, मग वर इन्सुलेशन टाका. उलटं केलं तर हवा त्यातूनही निसटत राहते. बेसमेंटमध्ये भिंत आणि वरचा मजला जिथे भेटतात, तिथे वाऱ्याच्या दिवशी हात फिरवून बघा, कळेल. न वापरायच्या खोल्यांचे व्हेंट बंद केले असतील, तर उघडा. त्याने गॅस वाचत नाही, फर्नेसचा श्वास कोंडतो.

घाई नाही, हे तुमचं नशीब. चीर नक्की झाली नाही, तर एप्रिल-मे हा भाव करायला चांगला काळ आहे. फर्नेसचा हंगाम संपलेला, एसीचा सुरू व्हायचा, कॉन्ट्रॅक्टरांना काम हवं असतं. परमिट त्यांनीच काढायचं आणि शहराची तपासणी झाल्याशिवाय शेवटचा हप्ता द्यायचा नाही, हे कागदावर घ्या. "परमिट नको, तीनशे कमी करतो" म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

बाबांच्या हीटरचं. तोवर लावू द्या, त्यांना थंडी वाजते तर दुसरं काय करणार. पण १,५०० वॉटचा तो हीटर थेट भिंतीतल्या सॉकेटमध्येच लावायचा. एक्स्टेन्शन कॉर्डवर नाही, पॉवर स्ट्रिपवर तर मुळीच नाही. पांघरूण, पडदा, खुर्चीवर टाकलेला स्वेटर, सगळं तीन फूट लांब. उलटला तर आपोआप बंद होणारा असावा, जुना असेल तर आजच बदला. तासाभराने प्लगला हात लावून बघा. कोमट लागला तर ठीक, चांगलाच गरम लागला तर ते सॉकेट वापरायचं नाही आणि इलेक्ट्रिशियनला बोलवायचं. झोपताना बंद करायचा, आणि त्यासाठी बाबांना एक जाड रजई घेऊन द्या. सांगलीच्या माणसाला ती कमी पडतेय असं वाटलं, तर दोन.